निळ्या डबीतल्या रिलेवर पाच एचपीची मोटार चालेल का?

आलेवाला :

नमस्कार मंडळी. नोकरी पुण्यात, शेती कोरेगाव तालुक्यात. दीड एकर आलं, बाकी ऊस. विहिरीवर पाच एचपीची थ्री फेज मोटार आहे. या आठवड्यात थ्री फेज लाईट रात्रीची आहे, म्हणजे वडील रात्री एक वाजता बॅटरी घेऊन बांधावरून मोटार चालू करायला जातात. गेल्या पावसाळ्यात स्टार्टरच्या पेटीखाली घोणस निघाली, तेव्हापासून ते परत येईपर्यंत आईला झोप नाही. मोबाईलवरून मोटार चालू-बंद करणारा तयार ऑटो स्टार्टर एकदा घेतला होता, आठ महिन्यांत गेला. म्हणून या वेळी स्वतःच बनवायचं ठरवलं.

ईएसपी३२ हा प्रोग्राम टाकता येणारा छोटा कंट्रोलर बोर्ड आणलाय, सोबत ते निळ्या चौकोनी रिलेचं मॉड्यूल. डबीवर '१० अँपिअर २५० व्होल्ट एसी' छापलंय. मोटारीच्या पाटीवर ७.५ अँपिअर आहे. दहात साडेसात बसतात, तेव्हा तीन फेजला तीन डब्या लावायच्या असा बेत होता. गावातल्या वायरमन तात्यांना आकृती दाखवली तर ते हसले. "लाव की, दिवाळीचे फटाके वाचतील," म्हणाले. वर म्हणाले, तुझ्या स्टार्टरमध्ये आधीच रिले आहे, त्याला का बाजूला करतोस?

तर दोन प्रश्न. एक, माझं गणित कुठे चुकतंय? दोन, रिले म्हणजे नक्की काय, आणि सरळ बटण असताना मध्ये हा दलाल लागतोच कशाला? युट्यूबवर सगळे दिवा लावून दाखवतात, मोटार कोणी दाखवत नाही.

सोल्डरमास्तर :

भावा, तीन डब्यांचा नाद सोड. एक तर तिन्ही एकाच क्षणी मिटतील याची खात्री नाही. हलता भागच नको असेल तर सॉलिड स्टेट रिले बघ. खटखट नाही, ठिणगी नाही.

डायलटोन :

तात्यांचं ऐक. पण ते का हसले ते सांगतो. ओळखीत वय २७ लिहिलंयस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

टेलिफोन खात्यात माझी ३४ वर्षं गेली, त्यातली पहिली तेरा स्ट्रोजर एक्सचेंजमध्ये, म्हणजे डायल फिरवला की यंत्रंच फोन जोडून देत त्या जुन्या एक्सचेंजमध्ये. आता ती एक्सचेंज भंगारात गेली. एका लांब हॉलमध्ये उभ्या लोखंडी रॅक, आणि रॅकवर रिलेच रिले. सकाळी साडेदहाला पेठेतली दुकानं उघडली की पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज सुरू व्हायचा. त्या आवाजात एखादा रिले अडकला तर आमचे सुपरवायझर हातातला चहा खाली न ठेवता रॅकचा नंबर सांगायचे. मला ते जमायला सहा वर्षं लागली.

रिलेची रचना तुझ्या आजोबांनाही समजेल अशी आहे. लोखंडी गाभ्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली, ती कॉइल. तिच्यात करंट सोडला की गाभ्यात चुंबक जागा होतो आणि समोरची लोखंडी पट्टी खटकन ओढतो. त्या पट्टीला आर्मेचर म्हणतात. पट्टी हलली की तिला जोडलेले कॉन्टॅक्ट हलतात: उघडे होते ते मिटतात, मिटलेले होते ते उघडतात. करंट गेला की स्प्रिंग पट्टीला जागेवर आणते. कॉइलची तार आणि कॉन्टॅक्टची तार एकमेकींना कुठेही टेकत नाहीत, दोघींमध्ये फक्त चुंबकाची ओढ. म्हणूनच ४१५ व्होल्टच्या पेटीत बसूनही तुझा पाच व्होल्टचा बोर्ड जिवंत राहू शकतो.

रिले हे नाव घोड्यांवरून आलं. डाक नेणारा स्वार टप्प्यावर पोचला की त्याचा घोडा दमलेला असे, तिथे ताजा घोडा खोगीर घालून तयार. डाक तीच, दम नवा. तारायंत्राची अडचणही तीच होती. लांबच्या तारेतून करंट जाता जाता इतका क्षीण व्हायचा, की टोकाला जेमतेम एक हलकी पट्टी ओढली जाईल. जोसेफ हेन्रीने १८३५ च्या सुमारास हे बघितलं, की ती हलकी पट्टी ओढली गेली तरी पुरे आहे. तिने तिथल्या ताज्या बॅटरीचं बटण दाबायचं, पुढचं काम ती बॅटरी करेल. मोर्सने १८४४ मध्ये वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तार चालू केली, तिच्या मुळाशी हीच युक्ती होती.

आता तुझे घोडे मोजू. ईएसपीच्या पिनेतून ३.३ व्होल्ट निघतात. वीस मिलिअँपिअर ती आरामात देते, चाळीसला तिची हद्द संपते. निळ्या डबीच्या पाच व्होल्टच्या कॉइलचा रेझिस्टन्स साधारण ७० ओहम, म्हणजे तिला लागतात ७१ मिलिअँपिअर. पिनेला डबीसुद्धा उचलत नाही! म्हणून मॉड्यूलवर मोहरीएवढा ट्रान्झिस्टर बसवलेला असतो, तो पहिला घोडा. डबी हा दुसरा. आणि डबीने मोटार ओढायची नाही, तिने स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची कॉइल चालू करायची. कॉन्टॅक्टर म्हणजे दांडगा रिलेच, तो तिसरा घोडा. मोटार तो ओढेल. डबीच्या वाट्याला मग अँपिअरचा अगदी लहानसा भाग येतो.

तुझ्या गणितातली चूक अशी. पाटीवरचे साडेसात अँपिअर मोटार पळत असतानाचे. थांबलेली मोटार सरळ लाईनवर घेतली की सुरुवातीला सहापट ओढते, म्हणजे ४५ अँपिअरच्या आसपास. डबीवरचे दहा अँपिअर हे हीटरसारख्या गरीब लोडचे. शिवाय लिहिलंय २५० व्होल्ट, तुझ्या दोन फेजमध्ये आहेत ४१५. आणि बंद करताना खरी गंमत होते. मोटारीतून वाहणाऱ्या करंटला थांबायचं नसतं, कॉन्टॅक्ट दूर होत असताना तो मधल्या हवेतून उडी मारतो आणि ठिणगी ओढतो. त्या ठिणगीने कॉन्टॅक्ट वितळतात आणि एक दिवस एकमेकांना डागले जातात. मग तू मोबाईलवर 'बंद' दाबशील, डबीत खट होईल की नाही सांगता येत नाही, पण मोटार चालूच राहील. विहिरीचं पाणी तळाला जाईल आणि पंप कोरडा फिरेल.

तुझ्याच डबीवर खाली बघ, डीसीचे व्होल्ट तीसच्या आसपास छापलेले असतील. कॉन्टॅक्ट तेच, मग एसीला २५० आणि डीसीला ३० का? आपली एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, तेव्हा ठिणगी आपोआप विझायला बघते. डीसीला शून्य नसतं. आमच्या एक्सचेंजला ५० व्होल्टची डीसी बॅटरी होती, तेव्हा कॉन्टॅक्टच्या ठिणग्यांशी माझं जुनं वैर आहे.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्टार्टरच्या पेटीतच आहे. हिरवं बटण दाबून सोडलं तरी मोटार चालू राहते, हे कसं याचा कधी विचार केलायस? बटण सोडल्यावर तर त्याची वाट तुटते. होतं असं, की कॉन्टॅक्टर ओढला गेला की त्याच्या अंगावरचा एक छोटा जादा कॉन्टॅक्टही मिटतो, तो हिरव्या बटणाच्या समांतर जोडलेला असतो. म्हणजे कॉन्टॅक्टर स्वतःच स्वतःचं बटण दाबून धरतो. लाल बटण ती वाट तोडतं. लाईट गेली तरी वाट तुटते, आणि परत आली की मोटार आपोआप सुरू होत नाही. पंपात हात घालून बसलेला माणूस त्याच्यामुळे वाचतो. ऑटो लावला की तो पहारा आपणच उठवतो, हे ध्यानात ठेव.

त्याच वाटेत ओव्हरलोड रिले बसलेला असतो. तात्या म्हणत होते तो हाच. त्यात चुंबक नाही. दोन धातूंच्या चिकटवलेल्या पट्ट्या असतात, मोटारीचा करंट त्यांना तापवतो, जास्त तापल्या की त्या वाकतात आणि एक नाजूक कॉन्टॅक्ट उघडतात. ४५ अँपिअरच्या सुरुवातीला तो दम खातो, पण मोटार सतत जास्त ओढत राहिली तर वाट तोडतोच. त्याच्यावरची चकती मोटारीच्या पाटीवरच्या आकड्यावर ठेवायची. आमच्या आळीत एकाची सारखी ट्रिप व्हायची म्हणून त्याने चकती शेवटच्या आकड्यावर नेली. ट्रिप होणं थांबलं, मोटार रिवाइंडिंगला गेली.

तांब्याची तार :

डायलटोन काकांना हात जोडून नमस्कार. आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, मी आणि मिस्टर दोघं बसतो. एक गोष्ट मी जोडते.

जळालेली मोटार उघडली की मला बहुतेक वेळा कारण विचारावं लागत नाही. स्टार जोडणीच्या मोटारीत दोन फेजच्या कॉइल कोळसा आणि तिसरीची नवीनसारखी लालचुटूक दिसली, की समजायचं एक फेज गेला होता. डेल्टात उलटं, एकीच्याच कॉइल काळ्या. डीओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, उडालेला असतो, किंवा डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, जोडतारेचा एक जंप तुटलेला. एक फेज गेला तरी पळती मोटार थांबत नाही, तोच भार उरलेल्या दोन तारांवर ओढते आणि करंट पावणेदोन पटीच्या जवळ जातो.

आणि दादा, तुमचा कॉन्टॅक्टर यात वाचवेलच असं नाही. त्याची कॉइल दोनच फेजवर असते. तिसरा फेज गेला तर त्याला पत्ताच नाही, तो धरूनच बसतो. त्यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर लागतो, त्यात तिन्ही फेजवर लक्ष ठेवणारा एक छोटा रिले असतो आणि त्याचा कॉन्टॅक्ट कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वाटेत जोडतात. पोरं मोबाईलचं काही बसवताना नेमकं हेच बाजूला करतात, 'सारखं ट्रिप होतं' म्हणून. बाजूला करू नका. आमचा धंदा तसाही बरा चाललाय.

आलेवाला :

काका, ताई, मनापासून आभार. रविवारी तात्यांना सोबत घेऊन, मेन स्विच पाडून पेटी उघडली. सगळं सांगितल्यासारखं दिसलं. ओव्हरलोडची चकती ९ वर होती, साडेसातवर आणली. प्रिव्हेंटर होता, पण कोणीतरी वायरच्या एका तुकड्याने वळसा देऊन ठेवलेला. तात्या म्हणाले मी नाही केलं. मी विषय वाढवला नाही.

आता अडचणी. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर ४१५ लिहिलंय, माझी डबी २५० ची. मग डबीने ती कॉइल तरी कशी चालवू? दुसरं, कॉन्टॅक्टर फार गुणगुणतो, वडील बाभळीच्या दांडक्याने पेटीवर एक ठोका देतात, मग गप्प होतो. तिसरं, सोल्डरमास्तर म्हणतात तो सॉलिड स्टेट का नको?

डायलटोन :

उलट्या क्रमाने घेतो.

सॉलिड स्टेट रिले वाईट नाही, ओव्हनला उत्तम. पण चालू असताना तो स्वतः एक-दीड व्होल्ट खातो, साडेसात अँपिअरवर फेजमागे दहा वॅटच्या आसपास उष्णता, ती काढायला ॲल्युमिनियमचा ठोकळा हवा. तुमच्या पत्र्याच्या पेटीत मे महिन्यात काय होईल बघ. बंद असतानाही तो थोडा करंट झिरपू देतो. आणि जळाला तर बहुधा 'चालू' अवस्थेतच जळतो. पंपाला मला असा माणूस नको जो मेल्यावर हात सोडत नाही.

गुणगुणणं. एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते म्हणालो ना, त्या प्रत्येक वेळी चुंबकाची पकड ढिली पडते, पट्टी सुटायला बघते, पुन्हा ओढली जाते. हे होऊ नये म्हणून चुंबकाच्या तोंडावर तांब्याची एक बारीक कडी बसवलेली असते. कडीत फिरणारा करंट थोडा मागाहून येतो आणि मुख्य चुंबक शून्यावर असताना पट्टीला धरून ठेवतो. ती कडी तुटली, किंवा चुंबकाच्या दोन तोंडांमध्ये गंज-धूळ बसली, की गुणगुण सुरू. लाईन बंद करून तोंडं कोरड्या फडक्याने पुसा, कडी तपासा. दांडक्याने ठोकू नका म्हणावं. व्होल्टेज कमी असलं तरी गुणगुणतो, आणि अर्धवट ओढलेल्या एसी कॉइलमधून करंट कितीतरी जास्त जातो. तशी कॉइल तासाभरात करपते.

तांब्याच्या कडीवरून आठवलं, विषयांतर होईल पण सांगतोच. स्ट्रोजरमध्ये अ आणि ब अशी रिलेची जोडी असायची. तू रिसीव्हर उचललास की तुझ्या लाईनवर अ ओढला जायचा, अ ने ब ला ओढायचं. डायलवर ७ फिरवलास की लाईन सात वेळा क्षणभर तुटायची, सेकंदाला दहाच्या वेगाने, आणि अ सात वेळा सोडून-धरून सेलेक्टरला, म्हणजे पुढची लाईन निवडणाऱ्या यंत्राला, सात पायऱ्या वर चढवायचा. पण मग प्रश्न असा, की ही डायलची तूट आहे की गिऱ्हाईकाने फोन ठेवला, हे यंत्राला कळणार कसं? ब च्या गाभ्यावर तांब्याचं जाड कडं असायचं. त्याच्यामुळे ब चा चुंबक सावकाश उतरायचा. डायलच्या तुटींमध्ये तो धरून राहायचा, फोन खरंच ठेवला तर मात्र थोड्या वेळाने सोडायचा आणि सगळी वाट मोकळी व्हायची. चिप नाही, प्रोग्राम नाही. तांब्याच्या कड्याला कळत होतं माणूस बोलतोय की गेलाय. मला हे समजलं त्या रात्री मी दुसऱ्याची नाइट ड्यूटीसुद्धा मागून घेतली होती.

आता कॉइल. सर्वांत सोपं म्हणजे पेटीत ४१५ ते २३० चा एक छोटा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर बसवा आणि कॉन्टॅक्टरची कॉइल २३० ची घ्या. बोर्डाचा चार्जरही त्याच २३० वर चालेल. निळ्या डबीचा उघडा कॉन्टॅक्ट, प्रिव्हेंटर, ओव्हरलोड आणि लाल बटण, सगळे एका माळेत, एकापाठोपाठ. यातला कोणीही 'नाही' म्हणाला की कॉइल सुटली पाहिजे. ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंना फ्यूज, पेटीला अर्थिंग. पण रात्री तुमच्याकडे ३३० व्होल्टच येत असतील तर २३० चे १८३ होतात, आणि साधी कॉइल ८५ टक्क्यांखाली, म्हणजे १९५ च्या खाली ओढायची खात्री देत नाही. तेव्हा रुंद पट्ट्याची, म्हणजे कमी व्होल्टेजलाही ओढणारी, कॉइल माग, शेतीच्या स्टार्टरला मिळते. आणि हे जोडकाम तात्यांनी करायचं, तू बॅटरी धरायचीस.

पॉइंटमशीन :

रेल्वेत सिग्नल मेंटेनर आहे. डायलटोन साहेब म्हणतात तो 'सोडण्याचा' मुद्दा आमच्याकडे जीव की प्राण. रुळांतून बारीक करंट सोडून एक रिले ओढून ठेवलेला असतो. गाडी आली की चाकं आणि आस दोन रूळ जोडतात, करंट तिथूनच परत फिरतो, रिले पडतो, सिग्नल लाल. रूळ तुटला, तार चोरीला गेली, बॅटरी संपली, तरी रिले पडतो आणि लालच. तो पडणं स्प्रिंगवर सोडत नाहीत, आर्मेचर स्वतःच्या वजनाने खाली येईल असंच बनवतात. कॉन्टॅक्टची एक बाजू कार्बनची, म्हणजे डागला जाण्याची भीती नाही. आमच्या रिले रूमला दोन कुलपं असतात आणि दोन्ही किल्ल्या एका माणसाकडे नसतात.

आलेवाला :

जोडलं! ट्रान्सफॉर्मर आणि कॉइल मिळून माझा ईएसपी तीनदा आला असता, असो. काल रात्री पुण्यातून 'चालू' दाबलं आणि वडिलांनी फोनवर खट ऐकवलं. एकच भानगड: लाईट आली की बोर्ड सुरू होताना रिले आपोआप एकदा खट करतो, मोटार अर्धा सेकंद दचकते.

सोल्डरमास्तर :

तुझं मॉड्यूल पिन खाली, म्हणजे शून्य व्होल्टवर, गेल्यावर चालू होणारं आहे. बोर्ड जागा होताना पिन क्षणभर तरंगते, त्याला वाटतं हुकूम आला. त्या पिनेवरून ३.३ व्होल्टला दहा किलो-ओहमचा रेझिस्टर टाक, आणि प्रोग्राममध्ये पिनेला आधी वरची अवस्था दे, मगच तिला आउटपुट कर. बोर्ड सुरू होताना आपोआप खाली जाणाऱ्या पिना वापरू नकोस. आणि लाईट आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबूनच मोटार घे. डीपीवरच्या सगळ्यांचे ऑटो एकदम ओढतात, तेव्हाच व्होल्टेज बसतं.

डायलटोन :

शाब्बास. एक राहिलं. पेटीत वायर शिरते ते भोक एम-सीलने बुजव. उबेला पाली येतात आणि नेमक्या कॉन्टॅक्टमध्ये सापडतात. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क टू या रिलेवर चालणाऱ्या संगणकात ७० नंबरच्या रिलेत पतंग अडकला होता, तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीने लॉगबुकात डकवून ठेवला. मी माझ्या वहीत पाल डकवली नाही, पण तारीख लिहिलेली आहे.

घोणशीला माझ्याकडे रिले नाही. पेटी दोन फूट वर घे, खालचं गवत काढ आणि वडिलांना गमबूट आण. मोबाईल असला तरी ते रात्री एकदा जाऊन बघणारच आहेत.